वादळ कधीतरी येतं, नांगर रोज पडतो

केमन ब्रॅक बेटावर १९३२ चं वादळ अजून ताजं आहे. ते पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली, पण कोणाच्या घरचं कोण गेलं हे नातवंडांना तोंडपाठ असतं. त्या वादळाला नाव नव्हतं. अटलांटिकमधल्या वादळांना नावं द्यायची पद्धत बऱ्याच वर्षांनी रूढ झाली, म्हणून लोक त्याला नुसतं 'बत्तीसचं वादळ' म्हणतात.

ग्रँड केमन, केमन ब्रॅक आणि लिटल केमन ही तीन बेटं क्यूबाच्या दक्षिणेला आणि जमैकाच्या वायव्येला आहेत. तिन्ही जवळजवळ सपाट. उंची म्हणावी अशी एकच, ब्रॅकचा चुनखडीचा कडा, आणि तोही पूर्व टोकाला जेमतेम ४३ मीटर. ७-८ नोव्हेंबर १९३२ ला समुद्र गावात शिरला तेव्हा लोक पोरंबाळं घेऊन याच कड्यातल्या गुहांकडे धावले. गुहांमुळे कितीतरी जण वाचले. त्यातली एक 'रेबेकाची गुहा' म्हणून ओळखली जाते, कारण त्या वादळात गेलेल्या रेबेका नावाच्या तान्ह्या मुलीला तिथेच पुरलं आहे. केमनची १०९ माणसं दगावली, त्यातली कित्येक समुद्रात जहाजांवर होती. वादळ पुढे क्यूबाच्या सांता क्रूझ देल सुर या गावावर गेलं आणि तिथे उसळलेल्या समुद्रानं अडीच हजारांहून अधिक माणसं नेली.

मी मूळची देवगडची. सीए झाल्यावर नोकरीसाठी ग्रँड केमनवर, जॉर्ज टाउनला गेले. तिथे बँका आणि गुंतवणूक फंड इतके आहेत की हिशेबाचं काम जाणणाऱ्यांना देशोदेशींहून बोलावणं येतं. डायव्हिंग मी तिथेच शिकले. पाण्याखाली जे दिसायचं त्याचा अर्थ लावायचा तर बेटांचा इतिहास वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो वाचताना लक्षात आलं की केमनचा इतिहास म्हणजे समुद्रावर जगण्याचे तीन-चार धंदे आणि त्या प्रत्येक धंद्याची वादळानं घेतलेली परीक्षा.

पहिला धंदा कासवांचा. १५०३ मध्ये कोलंबसाची जहाजं इथून गेली तेव्हा समुद्रात इतकी कासवं होती की त्यानं बेटांना 'लास तोर्तुगास' हेच नाव दिलं. पुढच्या तीनशे वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांनी ती कासवं खाऊन संपवली. मग केमनचे खलाशी शिडाची जहाजं घेऊन आधी क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्याला आणि नंतर पार निकाराग्वापर्यंत कासवांमागे गेले. १९०४ मध्ये ब्रॅकवर त्यांनी कासवं धरण्यासाठी खास छोटी, चपळ होडी बांधली, ती कॅटबोट. घरी बायका सिल्व्हर थॅच नावाच्या ताडाच्या पानांचे दोर वळायच्या आणि ते दोर जमैकाला विकले जायचे. बत्तीसच्या वादळात माणसं गेली, घरं गेली आणि होड्याही गेल्या. होडी गेलेल्या घराचं मुख्य उत्पन्नच गेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललं. १९५० च्या दशकात ग्रँड केमनवर विमानतळ झाला. १९५७ मध्ये बॉब सोटो या केमनच्या माणसानं डायव्हिंगचं दुकान उघडलं. कॅरिबियनमधलं हौशी डायव्हरसाठीचं पहिलं दुकान म्हणून ते ओळखलं जातं. तेव्हा बेटावर डासांचा इतका सुळसुळाट होता की संध्याकाळी बाहेर बसणं अशक्य. १९६५ मध्ये डॉ. मार्को जिलिओली यांच्या हाताखाली डासनिर्मूलनाचं खातं सुरू झालं आणि मगच इथे हॉटेलं झपाट्यानं वाढली. पर्यटनाच्या इतिहासात समुद्रकिनाऱ्याचं नाव मोठं होतं आणि डास मारणाऱ्या माणसाचं राहून जातं. केमनमध्ये मात्र जिलिओलींचं ऋण मानतात.

डायव्हरना इथे ओढून आणणाऱ्या गोष्टी दोन. एक, बेटांवर नदी नाही. पावसाचं पाणी सच्छिद्र चुनखडीत मुरतं, समुद्रात गाळ येत नाही आणि पाण्याखाली तीस-तीस मीटरवरचं स्वच्छ दिसतं. दुसरी, भिंती. ही बेटं म्हणजे समुद्रातल्या एका बुडालेल्या डोंगररांगेची शिखरं आहेत. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तळ एकदम तुटतो आणि कडा सरळ खोल काळोखात उतरतो. लिटल केमनच्या ब्लडी बे वॉलचा माथा जेमतेम सहा-सात मीटर खोलीवर सुरू होतो. पहिल्यांदा तिच्या काठावरून पुढे सरकले आणि खालचा तळ नाहीसा झाला तेव्हा माझा श्वास अडखळला होता.

या संपत्तीची किंमत केमननं लवकर ओळखली. १९८६ मध्ये सागरी उद्यानं जाहीर झाली. प्रवाळात नांगर टाकायला बंदी आली आणि ठरलेल्या जागी कायमचे मुरिंग बसवले गेले. खडकाला भोक पाडून त्यात पोलादी खिळा सिमेंटनं पक्का करायचा, त्याला दोर आणि दोराला तरंगता बॉय. होडी येते, बॉयला दोर बांधते, डायव्हर उतरतात, होडी निघून जाते. प्रवाळाला ओरखडासुद्धा जात नाही. त्याच सुमारास ग्रँड केमनच्या नॉर्थ साउंड या खाडीच्या उथळ पाण्यातले पाकट प्रसिद्धीला आले. कोळी तिथे मासे साफ करायचे, त्या वासानं पाकट जमायचे. डायव्हर त्यांना हातानं खाऊ घालू लागले आणि 'स्टिंगरे सिटी' जगभर गाजली.

११-१२ सप्टेंबर २००४ ला आयव्हन नावाचं हरिकेन, म्हणजे मोठं चक्रीवादळ, आलं. वादळाचा डोळा बेटावरून गेलाच नाही, तो दक्षिणेकडून काही मैलांवरून सरकला. तरीही ताशी २४० किलोमीटरच्या वाऱ्यानं आणि चढलेल्या समुद्रानं ग्रँड केमनची दैना केली. विमानतळ पाण्याखाली गेला. हजारो गाड्या खाऱ्या पाण्यात बुडून भंगार झाल्या. दक्षिण किनाऱ्याचे रस्ते वाळूखाली गाडले गेले. वीज गेली, आणि इथे पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून मिळतं, त्यामुळे विजेबरोबर पाणीही गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगानं नुकसानाचा हिशेब मांडला. बेटाच्या वार्षिक उत्पन्नाच्या १८३ टक्के, आणि दर शंभरातली ८३ घरं बाधित. हिशेबाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या मला हे आकडे वाचून सुन्न व्हायला झालं. माणसं मात्र दोनच दगावली. बत्तीस सालाशी तुलना केली की इशारे, पक्की घरं आणि निवारे यांचं मोल कळतं.

पर्यटन ठप्प झालं. क्रूझ जहाजं आणि मुक्कामाचे पाहुणे परतायला नोव्हेंबर उजाडला. टॉम क्रूझच्या 'द फर्म'चं चित्रीकरण झालेलं हॉटेल तर पुढची कित्येक वर्षं भग्नावस्थेत उभं होतं. मी रोज त्याच्यावरून कामाला जायचे.

पाण्याखाली काय झालं, हे मी ज्यांच्या होडीवरून डायव्हिंग करायचे त्या वयस्कर कप्तानाकडून ऐकलं. सगळे त्यांना कॅप म्हणायचे. वादळाचा इशारा आला की होड्या नॉर्थ साउंडच्या कांदळवनात न्यायच्या, हा इथला जुना रिवाज. आपल्याकडे कोकणात होड्या खाडीत आत ओढतात तसाच. पुढे एका वादळाच्या इशाऱ्याच्या वेळी मी त्यांना मदतीला गेले होते. कॅपनी आधी होडी उलटी फिरवून तोंड समुद्राकडे केलं. मग दोन्ही बाजूंनी तिवरांच्या खोडांना दोर बांधले, एका झाडाला कधीच नाही, तीन-तीन झाडांना वाटून. दोराला ढील ठेवली, कारण पाणी दोन-तीन मीटर चढलं तर घट्ट बांधलेली होडी जागच्या जागी बुडते. दोर जिथे काठावर घासणार तिथे जुन्या पाइपचे तुकडे चढवले. डायव्हिंगच्या टाक्यांत हवा भरायचा कॉम्प्रेसर आधीच वरच्या मजल्यावर नेला होता. आयव्हनमध्ये कॅपचं घर गेलं, होडी वाचली, आणि होडी वाचली म्हणून घर पुन्हा बांधता आलं.

आयव्हननंतर समुद्र निवळल्यावर कॅप खाली उतरले तेव्हा उथळ भाग ओळखू येत नव्हता. हरिकेनचा मार वरच्या थरात सर्वांत जास्त बसतो. एल्कहॉर्नसारखी फांद्यांची प्रवाळं मोडून पडतात, मोठे स्पंज उखडतात, वाळू हलते आणि जुन्या खुणा पुसल्या जातात. वर जमिनीवरून आलेले पत्रे, खुर्च्या, तारा प्रवाळात अडकतात. पण भिंतीवरून खाली तीस मीटरपलीकडे गेलं की बऱ्याच ठिकाणी काही घडलंच नाही असं वाटावं. आणि मोडलेली प्रत्येक फांदी मरत नाही. ती पक्क्या खडकावर पडली तर तिथेच चिकटते आणि नवं झुडूप धरते. वाळूवर पडली तर घासून मरते. हरिकेन तापलेलं पाणी ढवळून थंडही करतं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी तो प्रवाळाला दिलासा असतो. लाखो वर्षं प्रवाळ आणि वादळ एकत्र नांदत आले आहेत.

आयव्हननंतर चारच वर्षांनी, ८ नोव्हेंबर २००८ ला, पालोमा नावाचं वादळ ब्रॅकवर आदळलं. तीच तारीख, तेच बेट, आणि पुढे क्यूबात गाठही त्याच सांता क्रूझ देल सुर गावाशी. ब्रॅकवर फार थोडी घरं धड राहिली, पण माणसं वाचली. क्यूबानंही किनाऱ्यावरच्या लाखो लोकांना आधीच हलवलं होतं, त्यामुळे १९३२ ची पुनरावृत्ती झाली नाही.

मग प्रवाळ सावरतं का? याचं उत्तर लिटल केमननं दिलं. तिथे सेंट्रल कॅरिबियन मरीन इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं त्याच जागा मोजल्या. १९९९ मध्ये जिवंत प्रवाळाचं प्रमाण २६ टक्के होतं. १९९८ साली पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं होतं, त्यामागोमाग रोग आले, आणि २००४ पर्यंत ते १४ टक्क्यांवर घसरलं. पण २०११ पर्यंत ते पुन्हा जवळजवळ पहिल्याइतकं झालं. कॅरिबियनमध्ये असं उदाहरण दुर्मिळ. त्या बेटावर वस्ती दोनशेच्या आसपास, मासेमारीवर निर्बंध, नांगर नाहीत, सांडपाणी थोडं. प्रवाळाला माणसाच्या हातून वर आणखी घाव बसला नाही, म्हणून ते उभं राहिलं.

वादळाची ताकद मी स्वतः पाहिली ती किटीवेकवर. अमेरिकन नौदलाचं हे ७६ मीटर लांबीचं बचाव जहाज ५ जानेवारी २०११ ला ग्रँड केमनच्या सेव्हन माइल बीच या किनाऱ्याजवळ मुद्दाम बुडवलं. वाळूवर ते ताठ उभं होतं आणि त्याच्या सुकाणूघरातून, खोल्यांतून मी बऱ्याचदा पोहले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये नेट नावाचं वादळ बेटापासून दूरवरून गेलं. त्याच्या लाटांनी ते जहाज एका कुशीवर कलंडलं. नंतर खाली गेले तेव्हा जिना आडवा झाला होता, दार छताच्या जागी आलं होतं. दिशा कळण्यासाठी मला वर जाणाऱ्या बुडबुड्यांकडे पाहावं लागलं. वादळ न येताही इतकं करू शकतं.

आणि तरीही इतकी वर्षं तिथे राहून माझं मत पक्कं झालं आहे की केमनच्या पर्यटनाचा खरा शत्रू हरिकेन नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये जॉर्ज टाउनसमोर एका क्रूझ जहाजाचा नांगर आणि साखळी प्रवाळावर पडली आणि सुमारे हजार चौरस मीटर रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, चिरडली गेली. स्थानिक डायव्हरनी स्वयंसेवक म्हणून ढिगाऱ्यातून जिवंत तुकडे वेचले आणि सिमेंटनं पुन्हा बसवले. २०२० मध्ये ग्रँड केमनवर प्रवाळ झपाट्यानं मारणारा नवा रोग दिसला. २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की रीफच्या रीफ पांढऱ्या पडल्या. सेव्हन माइल बीचच्या दक्षिण टोकाची वाळू तर वाहून जात आहे, आणि तिथल्या इमारती पाण्याच्या फार जवळ बांधल्या आहेत. किनाऱ्याला लाटेपासून वाचवणारं पहिलं धरण म्हणजे रीफ. ती खचली तर पुढच्या आयव्हनला अडवणार कोण?

केमनच्या लोकांना हे कळलं आहे. क्रूझ जहाजांसाठी धक्का बांधावा का, यावर ३० एप्रिल २०२५ ला सार्वमत झालं आणि बहुमतानं नाही म्हटलं. पर्यटनावर पोट असलेल्या बेटानं हे म्हणायला धैर्य लागतं.

केमनची सागरी उद्यानं १९८६ ची, आपलं मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. एका वर्षाचं अंतर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे आणि दरवर्षी हजारो लोक ते बघायला पाण्यात उतरतात. वादळं अडवणं आपल्या हातात नाही, होडी कुठे आणि कशी बांधायची हे आहे. म्हणून तारकर्लीला किंवा मालवणला डायव्हिंगला जाल तेव्हा पैसे देण्याआधी होडीवाल्या दादांना एक प्रश्न जरूर विचारा: नांगर कुठे टाकता? उत्तर प्रवाळावर असं आलं, तर दुसरी होडी बघा.