नावांचा सातबारा

पुतण्या नोकरीनिमित्त आयर्लंडात, गॉलवेला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो आम्हाला बोटीनं आरान बेटांवर घेऊन गेला. उतरलो आणि थबकलोच. आमच्या रत्नागिरीकडच्या सड्यासारखा उघडा कातळ, नि त्यावर नुसते दगडावर दगड रचलेले गडगेच गडगे! आपला जांभा तांबडा, त्यांचा चुनखडक करडा, एवढाच काय तो फरक. वाळू नि समुद्रातलं शेवाळ वाहून आणून तिथल्या लोकांनी कातळावर माती तयार केली. शेतकऱ्याची मेहनत शेतकऱ्याला भाषेवाचून कळते.

तिथली मूळ भाषा गेलिक. थोरल्या बेटाचं नाव इनिश मोर, म्हणजे मोठं बेट. बंदराचं गाव किल रोनान, म्हणजे रोनान संताचं चर्च. 'डून' म्हणजे गड, 'ट्रा' म्हणजे पुळण.

१८२४ साली इंग्रज सरकारनं आयर्लंडची मोजणी सुरू केली. कारण आपल्याकडचंच, जमिनीवर कर बसवायचा होता. नावं इंग्रजी वळणानं लिहिली गेली. गेलिकमध्ये चर्चचा शब्द वेगळा, रानाचा वेगळा. नकाशात पुष्कळदा दोन्हींचं 'किल' झालं. मग देवाचं घर कुठलं नि रान कुठलं, हे कागदावरून कळेना.

मोजणीच्या कामावर जॉन ओडोनोव्हन म्हणून एक गेलिक जाणणारा विद्वान होता, शेतकऱ्याचाच मुलगा. १८३९ मध्ये तो आरानला आला. माणसांना विचारून, जुन्या पोथ्या बघून त्यानं नावं नि अर्थ टिपले. छापील नकाशावर मात्र इंग्रजी रूपच राहिलं. पुढं १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. नावं सांगणारी तोंडंच कमी झाली.

१९७२ मध्ये टिम रॉबिन्सन आरानला राहायला आला. हा इंग्रजच. तिथल्या पोस्टातल्या बाई म्हणाल्या, बेटाचा नकाशा काढा की! तो गेलिक शिकला, किनारा पायी पालथा घातला, खडकाखडकाचं नाव विचारत हिंडला. १९७५ मध्ये नकाशा छापला. एका इंग्रजानं मोडलेलं दुसऱ्यानं सांधलं म्हणायचं. २००५ पासून तर गेलिक बोलणाऱ्या भागात गावांची सरकारी नावं गेलिकमध्येच आहेत.

परत आलो नि सातबारा काढून बसलो. त्यावर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. पण आमच्या भाताच्या प्रत्येक कुणग्याला नाव होतं. वडील नांगर धरायचे तेव्हा नंबर कधी घेत नसत. "आज रड्याच्या कुणग्यात जाऊ," म्हणायचे. वहीत एकेक आठवून लिहिलं, एकवीस नावं भरली. त्यातल्या सहांचा अर्थ मला येत नाही. रड्या कोण, का रडला, हे वडिलांना विचारायचं राहूनच गेलं.

वाडीत एक काकी आहेत, नव्वदीला टेकलेल्या. ऐकू कमी येतं, आठवण मात्र शाबूत आहे. उद्या सकाळी वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.