मेटल-वेब जोइस्टमधील विद्युत केबल

मेटल-वेब जोइस्ट ही मजल्याची जमीन पेलणारी, लाकूड व पोलाद यांची संयुक्त कडी होय. वर व खाली लाकडी पट्टी आणि त्या दोहोंना जोडणारे जस्तलेपित पोलादाचे ‘व्ही’ आकाराचे दुवे अशी तिची रचना असते. ब्रिटनमधील नव्या घरांत तिचा वापर रूढ आहे. जुन्या मराठी वाड्यांच्या कडीपाटातील कडीचेच हे काम. मात्र ती कडी भरीव असे, ही पोकळ असते.

भरीव कडीला केबलसाठी भोके पाडावी लागतात. येथे दुव्यांमधील मोकळ्या जागेतून केबल ओवता येते. लाकडी पट्ट्यांना खाच वा भोक पाडणे मात्र वर्ज्य आहे, कारण वाकण्यातून येणारा ताण व दाब त्याच सोसतात.

== अंतर व आधार ==

ब्रिटनच्या बीएस ७६७१ या मानकानुसार केबल कडीच्या वरच्या वा खालच्या कडेपासून किमान ५० मिमी दूर असावी. अन्यथा तिला भूसंपर्कित धातूचे आवरण किंवा खिळे-स्क्रूंपासून यांत्रिक संरक्षण द्यावे लागते. लाकडी पट्टी बहुधा ४७ मिमी जाडीची असते. त्यामुळे वरच्या पट्टीच्या खालच्या अंगाला चिकटवून बसवलेली केबल सुरक्षित भासली, तरी ३ मिमीने नियमाबाहेर राहते. खालच्या पट्टीवर नुसत्या टाकलेल्या केबलचीही तीच गत. म्हणून पोकळीच्या मध्यावर आडवी लाकडी पट्टी वा धातूचा ट्रे नेऊन त्यावर केबल बसवणे श्रेयस्कर.

पोलादी दुव्यांना केबल टेकू देऊ नये. ओढताना त्यांच्या धारेने वेष्टन चिरले जाऊ शकते. शिवाय हे दुवे लाकडात रुतलेले सुटे तुकडे असल्याने, सहसा भूसंपर्कित नसतात. एखाद्यात वीज उतरली तरी संरक्षक उपकरण तत्काळ पुरवठा तोडेलच असे नाही. पोकळीत ध्वनिरोधक खनिज लोकर भरल्यास उष्णता कोंडते व केबलची वहनक्षमता कमी धरावी लागते.

== आगीतील सुरक्षितता ==

२०१० साली साउदम्पटनच्या शर्ली टॉवर्स या उंच इमारतीच्या आगीत दोन अग्निशामक मृत्युमुखी पडले. आधार निकामी होऊन खाली लोंबलेल्या केबलींचा धोका या घटनेने ठळक केला. केबल आगीत अकाली कोसळू नये, ही अट २०१५ मध्ये सुटकेच्या मार्गांपुरती आली. २०१८ च्या अठराव्या आवृत्तीने ती सर्वत्र लागू केली. कड्यांच्या आरपार, पट्ट्यांच्या वरून गेलेली केबल कडी उभी असेतोवर खाली येत नाही. कडीच्या खालच्या अंगाला लटकवलेल्या केबलला मात्र केवळ प्लास्टिकच्या क्लिपा पुरत नाहीत. तेथे धातूचा आधार लागतो.