रोखे जाळणाऱ्यांच्या तालुक्यात पोरांना पैशाचं काय शिकवायचं?

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून पेटवले, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुठंतरी वाचलेलं असतं. आपल्याकडची काही मंडळी ते छाती पुढे काढून सांगतातही. तर आधी तेवढं नीट करून घेऊ. ते सुपं आपलं नव्हे. ते पुणे जिल्ह्यातलं, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आता बारामतीत येतं. पण हिरमुसायचं कारण नाही. ते लोण आपल्याकडे आलंच. नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतल्या गावांत दंगे झाले. दोन महिन्यांत दोन्ही जिल्ह्यांतली मिळून तीसच्या वर गावं, आणि अटक झालेले ९५१ लोक.

या दंग्यातली एक गोष्ट मला कायम विचार करायला लावते. लोकांचा राग माणसापेक्षा कागदावर होता. सावकारानं रोखे मुकाट्यानं काढून दिले, तर बहुतेक ठिकाणी प्रकरण तिथंच मिटायचं. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, पण ज्याच्यावर आपली जमीन जाते, तो कागद जाळायचा.

त्या कागदावर शेतकऱ्याचं नाव दुसऱ्यानंच लिहिलेलं असायचं आणि खाली ‘निशाणी नांगर’. मजकूर मोडीत. त्यात आकडा किती घातलाय, हे नांगराची खूण करणाऱ्याला कळायचा मार्गच नव्हता. दंग्यांनंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्याच्यासमोर आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून जास्त व्याज लावलेलं निघालं. फेडलेल्या पैशाची पावती न देणं, रोख्यात खोटे आकडे घालणं, हे तर सर्रास.

पण सगळं काही लबाडीनंच झालं असं नाही. बरंचसं साध्या गणितानं झालं, आणि हे गणित मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोख्याची मुदत तीन वर्षं केली. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. झालं उलटं. तीन वर्षं झाली की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा आणि साठलेलं व्याज मुद्दलात जायचं.

करून बघा. १०० रुपये, शेकडा दोन रुपये महिना. तीन वर्षांत व्याज ७२, नवा रोखा १७२ चा. पुढच्या तीन वर्षांनी २९६. मग ५०९. बारा वर्षांनी ८७५. हेच कर्ज एकाच रोख्यावर सरळ व्याजानं चाललं असतं तर ३८८ झालं असतं. आणि आपल्याकडे जुना दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही, त्या हिशेबानं तर २०० वर थांबलं असतं. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसलं, तर दामदुपट कशाची धरणार?

त्यात वरून काय काय पडलं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, उधारी मोकळी झाली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला, आणि दोनच वर्षांनी सारा वाढवायला सुरुवात झाली. उसनवारी बंद, देणं मात्र चालू.

१८७९ मध्ये कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी. रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ व्यवहार काय होता ते कोर्टानं तपासावं, आणि कर्जदाराला पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मिळावा, पासबुक मिळावं, असं त्यात होतं. म्हणजे पासबुकाचा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांना तेव्हाच मिळाला. वाचायचं कुणी, हा प्रश्न तसाच राहिला.

हिशेब शिकवणाऱ्या शाळा नव्हत्या असं नाही. पंतोजींच्या गावठी शाळेत पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आजच्या पोरांना नुसतं नाव सांगितलं तरी हसतात. ते उगाच नव्हतं. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, शेर-पायलीचा भाव, महिन्याचं व्याज, सगळं तोंडी व्हायचं. पण त्या ओट्यावर बसणारी पोरं बहुतेक ज्यांच्या घरात वही होती त्यांचीच. ज्याच्या नावावर कर्ज होतं त्याचं पोरगं गुरांमागं.

महात्मा फुल्यांनी हे बरोबर हेरलं होतं. १८८२ ला हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे त्यांनी मांडलं, त्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान होतं. मोडी का? कारण रोखा मोडीत होता. याला मी खरं अर्थशिक्षण म्हणतो. पुढे आपल्याच जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ ला पतपेढी काढली. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. पण वही शेतकऱ्याच्या हातात आली, आणि त्याच वाटेनं १९५० चा प्रवरेचा कारखाना उभा राहिला. आपल्या पारनेरला तसं पाणी नव्हतं. आपली माणसं मुंबईला गेली, आणि आलेल्या मनीऑर्डरीचा फॉर्म आजीला चौथीतलं पोर वाचून दाखवायचं.

आता आजचं. १९५७ ला दशमान नाणी आली, पावकी-दिडकी गेली, ठीक आहे. शाळेत संचयिका आली, पोरांनी रुपया-दोन रुपये जमा करायचे. आता बालबाजार भरतो. पोरं भाजी, भेळ, वडे घेऊन बसतात, गावकरी कौतुकानं घेतात, फोटो ग्रुपवर येतात. मला तो उपक्रम मनापासून आवडतो. पण एक खटकतं. पोरगी घरच्या वावरातली कोथिंबीर आणते, ३०० रुपयांची विकते आणि सांगते, ‘सर, ३०० नफा.’ सगळे टाळ्या वाजवतात. बियाणं, मोटारीचं बिल, आईनं सकाळी काढलेल्या जुड्या, यातलं काहीच तिच्या वहीत नाही. तिच्या बापाच्या वहीतही नसतं. घरच्या माणसाची मजुरी धरायचीच नाही, ही सवय आपण तिला चौथीतच लावून देतो. त्या दिवशी वहीचं एक पान ‘खर्च’ म्हणून वाढवलं तर काही अवघड नाही.

दुसरं, बचत. गल्ला द्या, पोस्टात नाहीतर बँकेत खातं उघडा. दहा वर्षांवरच्या मुलाला आता स्वतःचं खातं स्वतः चालवता येतं. हे करायलाच पाहिजे. पण आपली माणसं बचत माहीत नव्हती म्हणून बुडाली नाहीत. ती व्याज कळलं नाही म्हणून बुडाली. आणि ते अजून कळत नाही. आपल्याकडं अजूनही ‘शेकडा तीन’ म्हटलं की बापडा म्हणतो तीनच टक्के. महिन्याचे तीन, म्हणजे वर्षाचे ३६, हे पाचवीतल्या पोराला सांगितलं तर दोन मिनिटांत कळतं.

एमआयडीसी आल्यापासून सुप्यात पगार आहे, जमिनीचा पैसा आलाय, मोबाईलची दुकानं आहेत. पोरांना पैसा म्हणजे बापाच्या फोनमधून निघणारा आवाज. नांगराची खूण गेली, त्या जागी ओटीपी आला. अटी वाचल्यात का, हो, पुढे.

म्हणून मी हल्ली पोरं भेटली की एक गणित घालतो. १२,००० चा मोबाईल, बारा हप्ते, हप्ता ११८० रुपये. दुकानदार म्हणतो शेकडा दीडच आहे, वर्षाचे १८ टक्के. पोरं गुणाकार करतात, २१६० व्याज, बरोबर म्हणतात. मग विचारतो, सहाव्या हप्त्यानंतर तुझ्याकडे त्याचे १२,००० आहेत का? मुद्दल अर्ध्यावर आलं, तरी व्याज पूर्ण १२,००० वरच घेतोय. मग खरा दर किती? तिशीच्या पुढे जातो. मागच्या वेळी सहावीतल्या एका पोरानं पाटीवर काढून दाखवला, आणि मग विचारलं, ‘हे कागदावर कुठं लिहिलेलं असतं?’ घरात हप्त्यावर घेतलेली वस्तू असेल तर तो कागद आज काढा आणि पोराच्या हातात द्या. मिळाला का ते कॉमेंटमध्ये सांगा.