डॉट मॅट्रिक्स प्रिंटर : कर्रर्र आवाज करणारं हे मशीन अजून बंद का झालं नाही?

पासबुकात एंट्री मारून घ्यायला बँकेत गेलात की काचेमागून कर्रर्र-कर्रर्र आवाज येतो ना? तोच डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. होलसेलच्या दुकानात, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, गोडाऊनमध्येही तो दिसेल. कडेला छिद्रं असलेला लांबच लांब कागद त्याच्यात सरकत असतो. एप्सनचा गाजलेला एमएक्स-८० हा प्रिंटर १९८० साली आला. पुढच्याच वर्षी आयबीएमने आपला पहिला पीसी आणला, तेव्हा त्याच्या जोडीला विकलेला प्रिंटर म्हणजे हाच एमएक्स-८०, फक्त नाव आयबीएमचं. इतकं जुनं तंत्र, तरी असे प्रिंटर आजही नवे कोरे विकले जातात.

हा प्रिंटर लिहितो कसा?

थोडक्यात सांगायचं तर टाइपरायटरसारखा, ठोकून. प्रिंट हेडमध्ये बारीक पिना असतात, साध्या मॉडेलमध्ये ९, तर चांगल्या अक्षरासाठी २४. इलेक्ट्रोमॅग्नेट एकेक पिन पुढे ढकलतो, ती शाईच्या रिबनवर आपटते आणि कागदावर एक ठिपका उमटतो. ठिपक्या-ठिपक्यांतून अक्षर तयार होतं. इंकजेट शाई फवारतो, लेझर पावडर वितळवून चिकटवतो. कागदावर घाव घालतो तो फक्त हाच.

आणि मित्रांनो, सगळी गंमत या घावातच आहे. कागदाखाली कार्बन आणि अजून एक कागद ठेवला, तर एकाच फटक्यात दोन प्रती निघतात. एप्सनचा एलएक्स-३१० मूळ प्रत धरून एकदम ५ प्रती काढू शकतो. हल्ली काळा कार्बनही लागत नाही. कागदाच्या मागच्या बाजूला सूक्ष्म कॅप्सूल असतात, पिनेच्या दाबाने त्या फुटतात आणि खालच्या कागदावर अक्षर उठतं. जीएसटीच्या नियमांनुसार मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात : एक गिऱ्हाइकाला, एक ट्रान्सपोर्टवाल्याला, एक विकणाऱ्याकडे. त्या तीन वेळा छापताही येतात, पण गाडी भरून उभी असताना एकदाच छापून तीन कागद सुटे करणं सोपं. शिवाय तिन्ही प्रती हुबेहूब एकच असतात.

याचा सगळ्यात भन्नाट वापर एटीएमच्या पिनसाठी झाला. पिन छापलेलं बंद पाकीट पोस्टाने यायचं, ते घरात मोठ्यांना विचारा. ते पाकीट आधी बंद असायचं आणि पिन नंतर छापला जायचा! प्रिंटरची रिबन काढून टाकायची. पिना बाहेरून पाकिटावर आपटायच्या आणि आतल्या कार्बनमुळे नंबर आत उमटायचा. बाहेर काहीच दिसायचं नाही, छापणाऱ्यालाही नाही.

बाकी फायदे साधे आहेत. रिबन संपत आली की अक्षर हळूहळू फिकं होतं, त्यामुळे मधेच काम अडत नाही. लेझरला पावडर वितळवायला शेकडो वॅट लागतात, याचं भागतं त्याच्या कितीतरी कमी विजेत. आणि छापलेलं टिकतं. मॉलमधलं गुळगुळीत बिल थर्मल कागदावर असतं. तिथे शाईच नसते, उष्णतेने कागद काळा होतो. असं बिल उन्हात, गाडीत किंवा प्लास्टिकच्या पाकिटात राहिलं तर काही महिन्यांत कोरं दिसू शकतं. मोबाइलची वॉरंटी अशाच बिलावर असेल, तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा.

मराठी बिल हळू का छापतं?

इंग्रजी अक्षरांचे आकार प्रिंटरच्या मेमरीतच असतात. कॉम्प्युटर फक्त अक्षराचा कोड पाठवतो आणि प्रिंटर सुसाट सुटतो. देवनागरी बहुतेक प्रिंटरच्या मेमरीत नसते, म्हणून अख्खी ओळ चित्र करून पाठवावी लागते आणि हेडला एका ओळीसाठी अनेक फेऱ्या माराव्या लागतात. टॅलीमध्ये छापताना ‘नीट’ आणि ‘क्विक’ असे पर्याय दिसायचे, तो फरक हाच. क्विकमध्ये प्रिंटर स्वतःची अक्षरं वापरतो.

तोटे लपवण्यात अर्थ नाही. फोटो छापायला हा निरुपयोगी, वेग कमी, आणि किंमत साध्या इंकजेटपेक्षा जास्त. आवाजाचा त्रास तर आहेच, पण त्यातून माहितीही फुटू शकते. प्रत्येक अक्षराला वेगवेगळ्या पिना आपटतात, म्हणजे प्रत्येकाचा आवाज थोडा वेगळा. जर्मनीतल्या सारलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये फक्त या आवाजाच्या रेकॉर्डिंगवरून छापलेल्या इंग्रजी मजकुरातले ७२ टक्क्यांपर्यंत शब्द ओळखून दाखवले. त्यासाठी मायक्रोफोन प्रिंटरजवळ लागतो आणि कॉम्प्युटरला आधी तो आवाज शिकवावा लागतो, त्यामुळे लगेच घाबरायला नको. पण जिथे पेशंटची किंवा खातेदाराची माहिती छापली जाते, तिथे प्रिंटरशेजारी कोणाचा फोन पडलाय यावर लक्ष असावं.

दुकानासाठी जुना प्रिंटर घेणार असाल तर कॉम्प्युटर न जोडताही तपासता येतो. एप्सनच्या अनेक मॉडेलमध्ये एलएफ/एफएफ बटण दाबून ठेवून प्रिंटर चालू केला की सेल्फ-टेस्टचं पान निघतं. अक्षरांच्या मधून सलग आडवी पांढरी रेघ गेलेली दिसली, तर समजा एक पिन अडकली किंवा तुटली आहे. रिबन बदलून ती रेघ जात नाही. हेड दुरुस्त करावं किंवा नवं टाकावं लागतं, आणि सगळ्यात महाग भाग तोच. तेव्हा भाव ठरवण्याआधी ते पान काढून बघा. नुकतंच बरंच छापलं असेल तर हेडला हात लावू नका, चांगलंच तापलेलं असतं.