बरगीचा ठेका

मी जबलपूरचा मराठी माणूस, टेम्पो भाड्यानं चालवतो. बरगीच्या मासळीचा इतिहास मला ती वाहून नेताना फेऱ्या मारतानाच कळला. नर्मदेवरच्या बरगी धरणाचं काम 1974 साली सुरू झालं. 1990मध्ये तलाव भरला आणि जबलपूर, मंडला, सिवनी जिल्ह्यांतली 162 गावं बाधित झाली. शेतं गेलेल्यांनी जाळी धरली, पण पाणी ठेकेदाराचं! आपल्याच बुडालेल्या बांधावर मासा धरणारा चोर ठरायचा. आंदोलनं झाली, तेव्हा 1994मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला मासेमारीचा हक्क मिळाला. पुढे तोही गेला, ठेकेदारी परतली.

सरकारनं करार मोडला की त्याला धोरण म्हणतात. इथे 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्या काळात जाळ्या-नावेसाठी उधारी होते. हक्क गेला तरी सावकाराचं व्याज थांबत नाही.

करार मोडल्याचं माझं प्रकरण त्यामानानं किरकोळ. एका व्यापाऱ्यानं बर्फ भरून झाल्यावर फेरी रद्द केली. घाटावरच्या ढीमर बाईंनी विचारलं, “भैया, बयाना लिया था?” आता बर्फाचे पैसे आधी घेतो. दोन जुनी गिऱ्हाइकं त्यावरून तुटली.