संमतीची संहिता : ब्रिटिश पोलिसांची एक पाठचिकित्सा

मराठीच्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एक गोष्ट आम्हांला दरवर्षी नव्याने समजावून सांगावी लागते. पोथीत नाव कोणाचे आहे एवढ्यावरून रचना कोणाची हे ठरत नाही. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेले सगळेच अभंग एकाच नामदेवांचे नसतात. लेखनिक, कीर्तनकार, भाविक शिष्य यांनी आपापली भर थोर नावाच्या आश्रयाला आणून सोडलेली असते. ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद शिरले की शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. प्रक्षेपामागे दर वेळी लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा भक्ती असते, आणि भक्तीने केलेला प्रक्षेप ओळखणे अधिक कठीण जाते.

राजकीय इतिहासातही असे प्रक्षेप असतात. त्यांतला एक आपल्याकडच्या चर्चेतही मानाने मिरवतो : ‘पील यांची नऊ तत्त्वे’. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. त्या काळात आणि त्यानंतर झालेल्या चर्चांत एक मांडणी आम्ही अनेकदा ऐकली. इंग्रजांनी आम्हांला १८६१ चा दडपशाहीचा कायदा दिला; स्वतःच्या घरी मात्र १८२९ सालीच लोकसंमतीवर चालणारे पोलीस उभे केले. पोलीस हे जनतेतलेच, जनतेच्या मान्यतेवर त्यांचा अधिकार अवलंबून, बळाचा वापर अगदी शेवटी, असा त्या नऊ तत्त्वांचा आशय सांगितला जातो आणि खाली सही रॉबर्ट पील यांची असते.

ही सही खोटी आहे. गृहमंत्री पील यांनी १८२९ साली लंडनच्या महानगर पोलिसांचा कायदा संमत करून घेतला, हे खरे. कर्नल चार्ल्स रोवन आणि बॅरिस्टर रिचर्ड मेन या पहिल्या दोन आयुक्तांनी शिपायांसाठी सूचना लिहिल्या आणि गुन्हा घडू न देणे हे पहिले काम, असे त्यांत सांगितले, हेही खरे. परंतु क्रमांक घातलेली नऊ तत्त्वे पील यांच्या कागदपत्रांत कुठेच नाहीत. त्यांना आजचे रूप दिले ते चार्ल्स रीथ या पोलीस-इतिहासकाराने, विसाव्या शतकाच्या मध्यावर, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. युरोपात हुकूमशहांचे पोलीस काय करत होते ते डोळ्यांसमोर असताना, आमचे पोलीस वेगळ्याच जातकुळीचे आहेत हे सांगण्याची निकड रीथ यांना वाटली. २००७ साली दोन अमेरिकन अभ्यासकांनी या ‘शोधा’ची साद्यंत छाननी केली. २०१२ मध्ये खुद्द ब्रिटिश गृहखात्याने ही तत्त्वे प्रसिद्ध करताना पील यांच्याशी त्यांचा संबंध दाखवणारा पुरावा नसल्याचे मान्य केले, आणि कर्तृत्वाचा मान बहुधा रोवन व मेन यांचा, असे म्हटले. म्हणजे एका मुद्रेच्या जागी दुसरी मुद्रा आली.

मग १८२९ साली संमती होती का? लंडनला पोलीस नको होते. ‘पोलीस’ हा शब्दच फ्रेंच होता आणि त्याच्यासोबत नेपोलियनच्या फूशेचे हेरखाते आठवत असे. १८२२ च्या संसदीय समितीने तर असली व्यवस्था स्वतंत्र समाजाला मानवणारी नाही असाच निर्वाळा दिला होता. सैनिकांचा लाल रंग टाळून शिपायांना निळा कोट दिला गेला, तो हा संशय ओळखूनच. धनिक सावकारांच्या ‘सिटी’ भागाने आपल्याला या कायद्यातून वगळून घेतले. ज्यांना नकार देण्याची ऐपत होती त्यांनी तो दिला; उरलेल्यांना कोणी विचारले नाही.

त्यांचे मत १८३३ साली कळले. कोल्डबाथ फील्ड्स येथे कामगारांची सभा सरकारने बेकायदा ठरवली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि त्या धुमश्चक्रीत रॉबर्ट कली नावाचा शिपाई भोसकला जाऊन मरण पावला. मृत्यूची चौकशी सामान्य लंडनकरांच्या ज्युरीपुढे आली. ज्युरीने निकाल दिला : समर्थनीय मनुष्यवध. चौकशी अधिकाऱ्याने परोपरीने समजावले, ज्युरी हलली नाही. निकाल पुढे वरच्या न्यायालयाने फिरवला, पण लोकांनी त्या ज्युरीचा जाहीर सत्कार केला. एका शिपायाच्या मृत्यूवर आनंद मानावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. मात्र स्थापनेनंतर चौथ्याच वर्षी राजधानीत असा निकाल लागतो, तेव्हा ‘संमती’ हा शब्द त्या काळाच्या तोंडी घालता येत नाही.

त्याच वर्षी पोपे नावाचा सार्जंट वेष पालटून एका राजकीय संघटनेत सदस्य म्हणून वावरत असल्याचे उघड झाले आणि संसदेला समिती नेमावी लागली. हा अपवाद होता, असे इतिहास सांगतो. परंतु १८८३ मध्ये आयरिश क्रांतिकारकांसाठी खास शाखा निघाली. पुढे हायगेटच्या ‘इंडिया हाउस’वर, म्हणजे श्यामजी कृष्णवर्मा आणि सावरकर यांच्या बिऱ्हाडावर, स्कॉटलंड यार्डची पाळत राहिली. १९६८ साली स्थापन झालेल्या गुप्त पथकातले पोलीस तर आंदोलकांमध्ये वर्षानुवर्षे खोट्या नावाने राहिले. काहींनी आंदोलक स्त्रियांशी संसार थाटले. त्याची सार्वजनिक चौकशी सुरू व्हायला २०१५ साल उजाडले. अपवाद इतका दीर्घायुषी असेल तर तो नियमाच्याच घरात राहत असला पाहिजे.

आता १८२९ विरुद्ध १८६१ या जोडीकडे वळू. पील लंडनला पोलीस देण्याआधी, १८१२ ते १८१८, आयर्लंडचे मुख्य सचिव होते. १८१४ साली तिथे त्यांनी शांतता राखण्यासाठी खास दल उभारले. त्यातून पुढे जे आयरिश कॉन्स्टॅब्युलरी घडले ते बंदूकधारी होते, बराकीत राहत होते, आणि सरकारला थेट जबाबदार होते. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियर यांनी तोच नमुना तिथे आणला आणि १८६१ च्या कायद्यापर्यंत त्याची छाया पोचली. एकाच राज्यकर्त्या वर्गाच्या दप्तरात दोन्ही आराखडे शेजारीशेजारी होते. कोणता कुठे वापरायचा हे समोरची प्रजा पाहून ठरत होते. म्हणून ‘त्यांना संमती, आम्हांला लाठी’ ही तक्रार अर्धीच खरी वाटते. त्यांच्यातही लाठी कोणाला आणि संमती कोणाची, हा प्रश्न होताच.

मग ही संमती आली कुठून? आमच्या मते तिचा बराचसा भाग वाङ्मयाने घडवला. १८४२ मध्ये गुप्तहेर विभाग निघाला आणि दहा वर्षांच्या आत डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकात त्या हेरांचे कौतुकाने चित्रण केले; ‘ब्लीक हाउस’मधला इन्स्पेक्टर बकेट त्याच मातीतला. शतकानंतर १९५० च्या एका चित्रपटात जॉर्ज डिक्सन नावाचा प्रेमळ, वयस्कर हवालदार गुंडाच्या गोळीला बळी पडला. प्रेक्षकांना तो इतका आवडला की बीबीसीने त्याला १९५५ साली जिवंत केले आणि १९७६ पर्यंत निवृत्त होऊ दिले नाही. रीथ यांची नऊ तत्त्वे आणि हा पुनरुज्जीवित हवालदार एकाच दशकाच्या आगेमागे जन्मले, हे आम्हांला लक्षणीय वाटते. एक गद्यात संमती सांगतो, दुसरा पडद्यावर ती दाखवतो. दोघेही भूतकाळाविषयी बोलतात आणि दोघांचेही खरे वास्तव्य युद्धोत्तर ब्रिटनच्या मनात आहे.

डिक्सन निवृत्त झाल्यावर पाचच वर्षांनी, एप्रिल १९८१ मध्ये, दक्षिण लंडनचे ब्रिक्स्टन पेटले. त्याआधी काही दिवस पोलिसांनी तिथे नऊशेहून अधिक लोकांना रस्त्यात अडवून तपासले होते. अडवले गेलेल्यांत कृष्णवर्णीय तरुण बहुसंख्य. मोहिमेचे नाव होते ‘स्वॉम्प’. दलदल, किंवा बुडवून टाकणे. तीन वर्षांपूर्वी थॅचर यांनी दूरचित्रवाणीवर परक्या संस्कृतीच्या लोकांत बुडून जाण्याच्या भीतीविषयी बोलताना हाच शब्द योजला होता. तरुणांचा राग साचला होता तो केवळ संशयावरून अटक करू देणाऱ्या कलमावर. ते कलम १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यातले, म्हणजे पील यांच्या पोलिसांपेक्षाही पाच वर्षांनी जुने. ते १९८१ मध्येच रद्द झाले. लॉर्ड स्कारमन यांचा अहवाल सहानुभूतीने भरलेला होता, पण वंशभेद संस्थेत भिनला आहे हे त्यांनी नाकारले.

तो शब्द स्वीकारायला एका तरुणाचा खून व्हावा लागला. १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स हा कृष्णवर्णीय विद्यार्थी बस थांब्यावर मारला गेला, तपास ढिसाळ झाला, आईवडील झगडत राहिले. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने ‘संस्थात्मक वंशभेद’ हे शब्द लिहिले. २०२१ मध्ये लंडनच्या एका सेवेतल्या पोलिसानेच सारा एव्हरार्ड या तरुणीचे अपहरण करून तिचा खून केला. त्यानंतर नेमलेल्या लुईस केसी यांनी मार्च २०२३ च्या अहवालात वंशभेदाला स्त्रीद्वेष आणि समलैंगिकद्वेष यांची जोड दिली. आयुक्त मार्क राउली यांनी निदान मान्य केले. ‘संस्थात्मक’ हे विशेषण मात्र आपण वापरणार नाही, असे सांगितले. आमच्या विद्यार्थ्यांना विशेषण ही वाक्यातली सजावट वाटते, त्यांच्यासाठी हे उदाहरण आम्ही जपून ठेवले आहे. एका विशेषणात सगळी जबाबदारी मावते. ते गाळले की दोष चार वाईट माणसांचा उरतो.

आणि शब्द गाळण्याचे सर्वांत दारुण उदाहरण हिल्सबरोचे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या त्या फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी झाली; बळींचा आकडा पुढे ९७ वर गेला. दोष दारूबाज प्रेक्षकांवर ढकलला गेला. २०१२ साली स्वतंत्र मंडळाने कागदपत्रे तपासली तेव्हा पोलिसांची १६४ निवेदने लक्षणीयरीत्या बदललेली आढळली आणि त्यांतल्या ११६ मधून पोलिसांना गैरसोयीचा मजकूर काढलेला होता. इथे मूळ प्रत आणि संस्कारित प्रत दोन्ही हाती होत्या. संपादकाचा हेतूही स्पष्ट होता. २०१६ मध्ये ज्युरीने मृत्यू बेकायदा ठरवले आणि प्रेक्षकांना निर्दोष म्हटले. मजकूर बदलल्याबद्दलचा खटला २०२१ मध्ये कोसळला. निवेदने प्रशासकीय चौकशीसाठी होती, न्यायालयासाठी नव्हती, म्हणून न्यायप्रक्रियेत अडथळा ठरत नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले.

इथे कोणी विचारील : हे सगळे आपल्याला कळते ते त्यांच्याच अहवालांतून ना? खरे आहे. तिथला गस्तीचा शिपाई आजही सहसा बंदूक बाळगत नाही, आणि चौकशीचे अहवाल छापले जातात. हे थोडेथोडके नव्हे. पण हे अहवाल कोणी मिळवले? हिल्सबरोच्या कुटुंबांनी सत्तावीस वर्षे, लॉरेन्सच्या आईवडिलांनी जवळजवळ दोन दशके (दोन मारेकरी २०१२ मध्ये दोषी ठरले) जे केले त्याला संमती म्हणता येत नाही. ती चिकाटीने दिलेली असंमती होती. ब्रिटिश पोलिसांत जे काही अनुकरणीय आहे ते वरून आलेल्या तत्त्वांपेक्षा या खालून आलेल्या नकारांनी घडवले, असे आम्हांला वाटते.

म्हणून आपल्याकडे पोलीस सुधारणांची चर्चा निघाली की पील यांच्या नावाचे पान उघडण्याआधी थोडे थांबावे. उसने घ्यायचेच तर नऊ तत्त्वे घेण्यापेक्षा बदललेली १६४ निवेदने मूळ प्रतींशी ताडून पाहण्याची शिस्त घ्यावी. आपल्याही ठाण्यांत जबाब लिहिले जातात, वाचून दाखवल्याचा शेरा मारून सह्या घेतल्या जातात. सांगणाऱ्याचे शब्द आणि कागदावरचे शब्द यांतले अंतर मोजणे हे पाठचिकित्सकाचे जुने काम आहे. ते पोथ्यांपुरते ठेवावे असे आम्हांला वाटत नाही.