हिंगोलीत समुद्र नाही, पण भरती येते! लायगो-इंडिया आणि हलणारी जमीन

भरती-ओहोटी म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं. पण चंद्र फक्त पाण्यालाच ओढतो असं थोडंच आहे? हिंगोली जिल्ह्यातली काळी माती आणि तिच्याखालचा बेसॉल्ट खडकही तो ओढतो. सूर्यही ओढतो, पण त्याचा वाटा चंद्राच्या निम्माच. त्यामुळे आपल्या पायाखालची जमीन दिवसातून साधारण दोनदा वर येते आणि खाली जाते. हा फरक ३०-४० सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास तो आणखी वाढतो. याला भू-भरती म्हणतात.

मग आपल्याला कळत कसं नाही? कारण घर, विहीर, रस्ता, आपण, सगळेच एकदम वर जातो. शेजारची कुठलीच वस्तू मागे राहत नाही, मग तुलना कशाशी करणार? फोनच्या जीपीएसलाही हे दिसत नाही, कारण त्याची चूकच काही मीटरची असते. सर्व्हेवाले जे अचूक जीपीएस वापरतात, त्याच्या गणितात मात्र भू-भरती वजा करावीच लागते. दुसरं यंत्र म्हणजे ग्रॅव्हिमीटर. ते गुरुत्वाकर्षणातला एक कोटीत एक-दोन भाग एवढा बदलही टिपतं. ६० किलोच्या माणसाच्या वजनात यामुळे फरक पडतो तो दहा मिलीग्रॅमच्या आसपास!

आता येऊ औंढा नागनाथजवळच्या दुधाळा गावाकडे. इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. पुण्याची आयुका संस्थाही यात आहे. काटकोनात दोन बोगद्यांसारख्या नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. आत हवा नाही, फक्त लेझर आणि टोकाला आरसे.

खरी गंमत इथे आहे. गुरुत्वीय लहर आली की आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढं किंवा त्याहूनही कमी बदलतं. आणि भू-भरतीमुळे तेच अंतर मिलीमीटरच्या एक-दोन दशांशाने बदलतं. म्हणजे 'गोंधळ' हा सिग्नलपेक्षा एकावर चौदा शून्यं इतक्या पटीने मोठा!

तरीही काम जमतं, कारण दोघांचा वेग वेगळा आहे. भरतीचा एक फेरा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा असतो, तर लहर सेकंदाला दहा-वीस ते शेकडो वेळा थरथरते. हळू हालचाल वेगळी काढता येते. शिवाय चंद्र-सूर्य कधी कुठे असतील हे आधीच ठाऊक असतं. अमेरिकेतल्या लायगोमध्ये आरशांचा अख्खा सांगाडा हायड्रॉलिक यंत्रणेने हळूहळू सरकवून भरती भरून काढतात. हिंगोलीतही हे करावंच लागेल.

आता व्हॉट्सॲपवरचा प्रश्न: अमावस्या-पौर्णिमेला भूकंप होतो का? हिंगोली-नांदेड भागात हा प्रश्न हमखास येतो, कारण २१ मार्च २०२४ च्या सकाळी इथे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता. भू-भरतीचा खडकावरचा ताण फार थोडा असतो. भूकंप घडवणारा ताण भूगर्भात वर्षानुवर्षं साठत गेलेला असतो. तुटायच्या बेतात असलेल्या भेगेला भरती किंचित धक्का देऊ शकते, पण तिच्यावरून तारीख सांगता येत नाही. तेव्हा 'पौर्णिमेच्या रात्री मोठा भूकंप, घराबाहेर झोपा' असा मेसेज आला, तर पुढे पाठवू नका.

वेधशाळा २०३० च्या सुमारास सुरू करण्याचं उद्दिष्ट आहे.